खंड्याच्या घशातला काटा

"सुभद्रे, तुझ्या ह्या लाडक्याला आवर, नायतर उकळतं पाणी ओतीन हां त्याच्या पाठीवर!"

"ओत! ओतून तर बघ!" सुभद्रा नळावरूनच ओरडली. "तुझ्या खानावळीत गिळायला येतात त्या बाप्यांपेक्षा शंभर हिश्शांनी बरा हाय तो. खाकी दिसली की भुंकतो तरी. तुझे गडी तर पोलिसाची गाडी आली की खाटंखाली शिरतात."

सकाळी सकाळी ही अशी आरती. लालबागच्या आमच्या चाळीत माझी खानावळ तळमजल्यावर, आणि भिंतीला भिंत लागून सुभद्रा घागचं बिऱ्हाड. आम्ही दोघी एकाच तालुक्यातल्या, दोघींचीही तोंडं राजापूरच्या बाजाराएवढी मोठी. भांडल्याशिवाय आम्हाला चहा गोड लागत नसे. त्या दिवशी भांडणाचं कारण खंड्या. माझ्या दोरीवरचे सुके बोंबील त्यानं खाली ओढले होते. पण त्यानं खाल्ला नव्हता एकही. नुसते चावून चावून चोथा करून टाकले होते, आणि आता तो माझ्या चुलीजवळच्या लाकडाची ढलपी चघळत होता. ते मला काही बरं दिसेना.

खंड्या म्हणजे चाळीचं कुत्रं. तांबूस अंगाचं, एका कानाला खाच पडलेलं. त्या वर्षांत मुंबई कुणाची यावरून सगळं गिरणगाव पेटलं होतं. पोलिसांची गाडी कधी गल्लीत शिरेल आणि कुणाच्या पोराला उचलेल याचा नेम नव्हता. या मुक्या जनावराला काय कळत होतं देव जाणे, पण गाडी नाक्यावर असतानाच तो छप्पर उडवील असा भुंकायचा, आणि पोरं मागच्या भिंतीवरून पसार व्हायची. सुभद्रेचा मुलगा शिवा त्याच्याच भुंकण्यानं वाचला होता. शिवाच्या नावावर मोर्चातल्या दगडफेकीचं वॉरंट होतं. शिमग्याआधीपासून तो वडाळ्याच्या मिठागरात एका सोयऱ्याच्या झोपडीत दडून बसला होता. मी मिठाच्या गाडीवाल्याबरोबर त्याचा डबा पाठवायची. म्हणून खंड्याचा मान मोठा. चाळीत कुणाकडे बांगडा शिजला तरी मुंडकं त्याच्यासाठी राखलेलं असायचं.

तशीच एक मुंडी सुभद्रेची सून दुर्गा घेऊन आली. दुर्गा लग्न होऊन वर्षापूर्वीच मुंबईत आलेली. अंगानं काडी, पण कामाला वाघीण. तिनं मुंडी पुढं टाकली. खंड्यानं वास घेतला आणि मान फिरवली. त्याचा खालचा जबडा लोंबत होता. तोंडातून लाळेची तार खालपर्यंत आली होती आणि घशातून घुर्रर्र घुर्रर्र असा आवाज येत होता, उलटी होऊ पाहणाऱ्या माणसासारखा.

"काटा अडकलाय गो त्याला!" सुभद्रेनं कपाळावर हात मारला. "काल सुरमईचं डोकं कुणी घातलंन त्याला? कोरड्या भाताचा गोळा आण, दुर्गे."

काटा अडकणं आम्हा कोकणातल्या माणसांना नवीन नाही. कोरडा भात न चावता गिळायचा, काटा जातो. पण खंड्या भाताला तोंड लावीना. मग दुर्गा खाली बसली. माहेरी गुरांना औषध पाजताना बैलाच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालणारी पोर ती. डाव्या हातानं त्याचा जबडा धरलान आणि उजवा हात सरळ घशात घातलान.

"काय नाय हाताला लागत, आत्या," ती म्हणाली. "घसा नुसता आवळतोय."

तेवढ्यात खंड्यानं झटका दिला. तिच्या बोटांच्या मागे दातांचे ओरखडे उठले. रक्त म्हणाल तर नखावर मावेल एवढं. मीच हळद-चुना लावला. खंड्या उठला आणि चालू लागला. कुणाकडे बघणं नाही, शेपूट हलवणं नाही. नाक्यावरचा भय्या त्याला हाक मारीत राहिला. उन्हानं डांबर पाघळत होतं, त्यातून तो नाकासमोर चालत गेला.

दोन-तीन दिवसांनी मुन्शिपालटीचा एक माणूस गल्लीत आला. दौलत त्याचं नाव. काळा, उंच, छातीवर पितळी बिल्ला, चालून चालून चपला घासलेल्या. चौकात उभा राहून तो म्हणाला, "मंडळी, तुमच्या गल्लीतलं कुत्रं शिवडीला एका हवालदाराला चावलं. गोदीतल्या लोकांनी ते मारलं. त्याचं डोकं परळला तपासलंय. पिसाळलेलं होतं ते. कुणाला चावलं असेल, चाटलं असेल, नुसतं ओरखडलं असेल तरी सांगा. परळलाच सुया घ्याव्या लागतील."

आमच्या चाळीचा त्या वर्षांत एकच कायदा होता: सरकारी माणसाला नाव सांगायचं नाही. दूधवाला विचारू दे, टपालवाला विचारू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. नावं गोळा करायला कुणीही कसल्याही वेषात येतो, हे आम्ही लाठ्या खाऊन शिकलो होतो.

"कुत्रं?" म्हातारा कुशाबा जिन्यावरून म्हणाला. "इथं कुत्रं नव्हतंच कधी." आणि खंड्याचं पाण्याचं मडकं त्याच्या पायाशीच पडलं होतं.

दौलतनं त्या मडक्याकडे बघितलं. "बाबा, मी पोलीस नव्हं. नायगावला ऱ्हातो. मोर्चात माझ्याबी पाठीवर लाठी बसलीया."

"सगळे तेच सांगत येतात," सुभद्रा म्हणाली.

"मग मरा!" त्याचा तोल सुटला. मग स्वतःच ओशाळून आवाज खाली आणलान. "आवं, दिल्लीपातुर इचारत्यात आमाला. कुटं किती कुत्री पिसाळली, किती मान्सं चावली, किती गेली. तुमी तोंड मिटलं की आमी लिवतो, कुनी न्हाई. आन् मग ते मानूस गावाकडं जाऊन मरतं. लोक म्हनत्यात भूत लागलं. त्या मरनाची कुटं नोंद न्हाई, कुनाला पत्ता न्हाई. तो रोग हितंच ऱ्हातो."

दुर्गा दाराच्या फळीआड उभी होती. तिनं उजवा हात पदरात गुंडाळून घेतला तो मला दिसला.

दौलत गेला तशी मी सुभद्रेच्या घरात शिरले. "हिला आत्ताच्या आत्ता परळला ने."

"चावलाय कुठं तिला? तिनंच हात घातलान."

"दात लागला ना?"

"आणि तिथं नाव विचारतील, नवऱ्याचं नाव विचारतील, पत्ता विचारतील. माझ्या लेकाला फाशी देऊ काय तुझ्या सुईपायी?"

मला राग आवरेना. तिच्या हातातलं लाटणं मी काढून घेतलं. "सुभद्रे, माझा चुलतभाऊ लवू कोल्हा चावून गेला. महिना-दीड महिना चांगला होता. नांगर धरत होता. मग एक दिवस तांब्या पुढं केला तर घसा आवळून किंचाळला. तहान लागलेली, पाणी समोर, आणि पाणी बघवत नाही. वाऱ्याची झुळूक आली तरी थरथरायचा. शेवटी जन्म दिलेल्या आवशीनं स्वतःच्या हातानं त्याला खोपटातल्या खांबाला बांधलान. तशी बांधशील हिला? कुठल्या खांबाला बांधशील, सांग मला!"

सुभद्रेनं परात बाजूला सारली. म्हणाली, "ने. पण माझ्या लेकाचं नाव त्या दारात घ्यायचं नाय. सरोजिनी म्हणून सांग. ठाकूरद्वारला मी भांडी घासायला जायची त्या वाडीचा पत्ता दे."

मला तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं. जीवही वाचतो आणि मूठही झाकलेली राहते, आणखी काय हवं?

परळला सुया टोचायच्या त्या जागी ही गर्दी. साताऱ्याकडचे, ठाण्याकडचे, कुडाळकडचे, बोटीनं आलेले. पोटं उघडी टाकून माणसं रांगेत बसलेली. डॉक्टरांनी दुर्गेचा हात उलटसुलट करून बघितला. "चावलं कसं?"

"चावलं नाय. घशात काटा अडकला म्हणून हात घातला."

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. "असे पुष्कळ येतात, बाई. कुणी हाड काढायला हात घालतो, कुणी गाईच्या घशात. चावा घेतलेला माणूस घाबरून लवकर तरी येतो. तुम्ही लोक उशिरा येता." रोज एक सुई, पोटात, दोन आठवडे. एकही दिवस चुकवायचा नाही, असं त्यांनी तिला दोनदा बजावलं.

पहिले चार-पाच दिवस ती निमूट गेली. पोटावर सुपारीएवढ्या गाठी उठल्या, पण तिनं हूं की चूं केलं नाही. मग एके दिवशी मी बरोबर असताना शेजारी एक गडी येऊन बसला. मानेला, कानाखाली मोठी पट्टी. गप्पिष्ट माणूस.

"वहिनी, तुम्हाला पण कुत्रं काय? मला शिवडीला चावलं. मी कोंडीराम. पोलिसात हाय. गाव खेड. तुमचं घर कुठं?"

"ठाकूरद्वार," दुर्गा पुटपुटली.

"ठाकूरद्वारला कुठं? तिथं दोन वर्षं ड्युटी केलीय मी. वाडी न वाडी माहीत."

दुर्गेनं पदर पुढं ओढला. तो आपला बोलतच होता. "नशीब बघा. लालबागचा शिवा घाग म्हणून एक पोरगा हाय, तो वडाळ्याच्या मिठागराकडं लपलाय अशी खबर. म्हणून मला उन्हात शिवडीच्या वाटेवर उभा केलेला. पोरगा राहिला बाजूला, कुत्र्यानं गळ्याशी उडी घेतली. माझी धाकटी म्हणते, बाबा, आता तुम्ही पण भुंकणार काय?" आणि तो खो खो हसला. हसताना पट्टीवर हात दाबून धरत होता.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही.

"त्यानं माझं तोंड बघितलंन, चंपामावशी," ती म्हणाली. "मागून घरापर्यंत आला म्हणजे? ह्यांना धरतील."

"अगो, पण तुझा जीव!"

"घेतल्या की सुया. उरलेल्या नाय घेतल्या तर काय होतंय?"

सुभद्राही तेच म्हणाली. शिवाला मी डब्याबरोबर एवढंच कळवलं की पोलिसांना वास लागलाय, झोपडी बदल; दुर्गेचं कळवलं नाही, कारण ते ऐकून तो धावत आला असता आणि नाक्यावरच सापडला असता. मी कात्रीत सापडले. मग मला एकच सुचलं. रोज सकाळी मी तांब्या भरून दुर्गेसमोर धरायची. "पी." ती प्यायची, आणि मी तिच्या गळ्याकडं बघत राहायची, घोट खाली उतरतो की नाही ते. तिलाही कळलं होतं मी काय बघते. एक दिवस तिला ठसका लागला, आणि आम्ही दोघी पांढऱ्याफटक पडलो. सुभद्रेनं हातातली कळशी टाकून दिली. नुसताच ठसका होता तो. पण त्या दिवसापासून सुभद्रा माझ्याशी भांडायची बंद झाली. चाळीला वाटलं म्हातारी सुधारली.

ऊन वाढतच होतं. गिरण्यांचा धूर वर जाईना, गल्लीतच लोळायचा. शिवडीच्या खाडीकडून चिखलाचा कुबट वास यायचा. सगळी चाळ दर संध्याकाळी नाक्याकडं कान लावून बसायची, आणि भुंकायला आता कुणी नव्हतं.

असंच एका दुपारी दौलत पुन्हा आला. या वेळी त्याच्याबरोबर धोतर-सदरा घातलेला एक माणूस होता. मानेवर पट्टी, मी चाळीत सांगितली होती तशीच.

"हा तर शिवडीचा हवालदार!" कुशाबा जिन्यावरून ओरडला. "साध्या कपड्यात आलाय मेला! शिवासाठी आलाय!"

मग काय! पोरांनी दगड उचलले, बायांनी चुलीतली लाकडं. पहिला धोंडा सुभद्रेचा. नेम कसला तिचा, पण बसला नेमका त्याच्या खांद्यावर, पट्टीच्या खाली. कोंडीराम कळवळून खाली बसला. दौलत दोन्ही हात पसरून त्याच्या पुढं उभा राहिला.

"मारा! मला पन मारा!" तो ओरडला. "रजा टाकून आलाय हा मानूस. आठ दिस त्या ठाकूरद्वारच्या वाड्या पालथ्या घातल्या आमी, सरोजिनीबाय, सरोजिनीबाय करत. आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी! ह्यानं तिचं तोंड बघितलंया, म्हून ह्याला घेऊन दारोदार फिरतोय."

कोंडीराम बसल्या जागीच बोलला. त्याच्या आवाजातला तो जुना खेळकरपणा गेला होता. "मला शिवाचं काम नाय. माझ्या बाजूला एक वहिनी बसायची. ती यायची बंद झाली. डॉक्टर म्हणाले, सुया मध्येच सोडल्या तर सगळं पाण्यात. तिचं पण कुत्रं लालबागचंच असणार, हे मला मागाहून सुचलं. माझ्यामुळं घाबरली असेल तर मी रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसतो. पण तिला यायला सांगा."

दगड हातातल्या हातात राहिले. मी तोंड उघडणार एवढ्यात सुभद्रेच्या दाराची फळी सरकली.

दुर्गा बाहेर आली. पदर डोक्यावरून घेतलान, आणि चाळीच्या मधोमध उभी राहिली. "सरोजिनी नाय मी," ती म्हणाली. "मी दुर्गा. शिवा घाग माझा नवरा. हात मीच घातला कुत्र्याच्या तोंडात."

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेते ते सणासुदीला, उखाण्यात. आणि या पोरीनं ते घेतलं हवालदारासमोर, भर उन्हात. सुभद्रेनं डोळे मिटून घेतले.

कोंडीराम उठला, धोतराची माती झटकली. "नवऱ्याचं मी विचारलंच नव्हतं, वहिनी," तो म्हणाला. "चला. दवाखाना बंद होईल."

डॉक्टरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. इतके दिवस गेले, आता लागू पडेल की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. रोज दुर्गेबरोबर आता सुभद्रा जायची. कोंडीराम बोलल्याप्रमाणे रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. तिसऱ्या दिवशी सुभद्रेनंच त्याला हाक मारून जवळ बसवलान आणि डब्यातली तांदळाची भाकरी दिलीन. खांदा दुखतो काय रे, एवढंच विचारलंन.

त्याच्या सुया पुऱ्या झाल्या होत्या. तरी तो यायचा, डॉक्टर पट्टी बदलायला बोलवायचे. एक दिवस आला तो सुभद्रेकडं बघून म्हणाला, "मावशी, चावा होता तिथं मुंग्या येतायत. आणि सकाळपासून चहा घशाखाली उतरत नाय." दाराचा पडदा वाऱ्यानं हलला तसा तो दचकून भिंतीला टेकला. सुभद्रेनं घरी येऊन मला हे सांगितलं. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती.

दोन दिवसांत तो गेला. दौलत सांगायला आला. "मानेवरचा चावा, डोक्याच्या जवळ. सुईचा गुण यायच्या आधीच इख पोचलं. एकबी सुई चुकवली न्हवती त्यानं." तो खानावळीच्या बाकड्यावर बसून राहिला. मी पाणी दिलं ते त्यानं नुसतं हातात धरलं.

या वेळी मात्र शिवाच्या डब्याबरोबर मी सगळा निरोप पाठवला. कुत्र्यापासून पट्टीपर्यंत, उद्या सकाळी भोईवाड्याला नेणार तेसुद्धा, काहीही न लपवता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गा, सुभद्रा आणि मी परळला निघालो, तर भोईवाड्याच्या रस्त्यानं कोंडीरामाची तिरडी चालली होती. पुढं त्याची पोरगी मडकं धरलेल्या काकाचा हात पकडून. मागं खाकीतले वीस-पंचवीस जण. आम्ही कडेला उभ्या राहिलो. एवढ्यात वडाळ्याच्या बाजूनं एक माणूस आला. अंगावर मिठाचे पांढरे डाग, दाढी वाढलेली. सरळ पोलिसांच्या मधून शिरला आणि एका हवालदाराला बाजूला सारून त्यानं तिरडीला खांदा दिला. सुभद्रेनं तोंडात पदर कोंबला.

ओळखलं सगळ्यांनीच. एका फौजदारानं पाऊल पुढं टाकलं, पण शेजारच्या म्हाताऱ्या जमादारानं त्याचा दंड धरला. तिरडी स्मशानाच्या फाटकापर्यंत गेली. शिवानं ती खाली ठेवली, हात जोडले, आणि मग वळून ते दोन्ही हात पुढं केले. फौजदारानं बेडी घातली.

त्याला घेऊन जाताना ते आमच्या समोरूनच गेले. शिवा थांबला. आईकडं बघितलंन, मग दुर्गेकडं.

"आजची सुई झाली?"

"नाय अजून," दुर्गा म्हणाली.

"मग इथं काय करतेस? जा."

दुर्गा वळली. सुभद्रेनं तिचा हात धरला, आणि दोघी सासवा-सुना परळच्या दिशेनं चालू लागल्या. मागं वळून कुणीच बघितलं नाही.